उशिरा हलणारी भिंत

दिवाळी अंकवाले सर घरी आले आणि म्हणाले, "मामा, हॉस्पिटलातल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, गमती थोड्या आहेत, त्या संपल्यावर जे उरतं ते गमतीचं नाही. ते म्हणाले, असेल तसं लिहा. म्हणून बसलोय. मी सातवी नापास. अक्षर मोठं येतं, शुद्धलेखन सरांनी बघून घ्यावं. ज्याला सणासुदीला असलं वाचायचं नसेल त्यानं खुशाल पान उलटावं. मला राग नाही.

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी हृदयाच्या स्कॅनच्या खोलीत मदतनीस होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. म्हातारा झालो, निघालो. माझी बायको महादेवी त्याच खोलीतल्या त्याच टेबलावर झोपली होती. तिच्या हृदयाला मशीन बसवून उपयोग होईल का नाही, ते तिथं ठरलं. आता ती नाही. तेच सांगायचंय, पण आधी काम काय होतं ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या दारावर तीन पात्यांचं पिवळं चिन्ह असायचं. ते बघून माणसं बिचकायची. एकदा एक सासू सुनेला घेऊन रस्ता चुकून आमच्या दारात आली. सून पोटुशी. मी म्हटलं, "मावशी, हितं थांबू नका, ह्या खोलीत किरणं असत्यात." तिनं सुनेचा दंड धरला आणि अशी ओढत नेली, की सुनेची एक चप्पल दारातच राहिली. मी चप्पल घेऊन मागं गेलो तर लांबनंच ओरडली, "ती चप्पल नगं आमाला, तुमालाच ऱ्हाऊ द्या!"

एक्स-रेत मशीन किरणं सोडतं आणि ती माणसातून आरपार जातात. आमच्याकडं उलटं. औषध शिरेत टोचायचं. ते रक्तातून जाऊन हृदयाच्या मांसात बसतं आणि तिथनं बारीक किरणं बाहेर पडतात. कॅमेरा नुसता माणसाभोवती फिरून बघत बसतो. जिवंत मांस औषध घेतं, मेलेलं घेत नाही. पडद्यावर जिवंत ते उजळ, मेलेलं ते काळं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा.

हे औषध साठवून ठेवता येत नाही. मुंबईहून शिशाची जड पेटी येते आणि रोज सकाळी त्या पेटीतून औषध काढतात. खोलीत सगळे त्याला दूध काढणं म्हणायचे. नवी पेटी आली की म्हैस भरपूर देते, आठवडा सरत आला की आटते. मग कितीही मोठा पेशंट असला तरी नवी पेटी येईस्तोवर बसून राहायचं.

आदल्या दिवशी पेशंटला सांगावं लागायचं की चहा बंद, नाहीतर काही तपासण्या बिघडतात. सोलापुरात माणसाचा चहा बंद करणं म्हणजे त्याचा श्वास बंद करणं. वेळापूरकडचा एक बागायतदार आला. मी विचारलं, "पाव्हणं, चहा घेतला का?"

"अजिबात न्हाय. तुमी सांगितलंतं की."

"सकाळपासनं काय घेतलं?"

"काय न्हाय. दोन कप कॉफी."

आमच्या खोलीतल्या टेक्निशियन मॅडमनी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "तुमी चहा म्हणला व्हता, कॉफीचं नाव तरी काढलं का?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासनं मी चहा, कॉफी, थंडा, चॉकलेट अशी सगळी नावं घ्यायला लागलो.

आता हृदय फुगलेल्या पेशंटचं सांगतो, कारण महादेवी त्यातली. डॉक्टर त्याला हार्ट फेल म्हणतात. लोकांना वाटतं फेल म्हणजे बंद. तसं नाही. हृदय चालू असतं, पण ढिलं पडलेलं असतं, रक्त पुढं ढकलायला कमी पडतं. पायाला सूज, जिन्यात दम, आणि उताणं झोपलं की श्वास कोंडतो.

त्यातल्या काहींचं दुखणं निराळं असतं. ते मला कळलं ते माझ्या बापामुळं. बाप होटगीला रेल्वेत गँगमन होता. रूळ उचलायचा असला की दोन्ही बाजूंनी गडी उभे राहायचे, मुकादम आरोळी द्यायचा आणि सगळे एका दमात उचलायचे. एक गडी जरी मागं राहिला तरी रूळ तिरपा व्हायचा आणि सगळं वजन बाकीच्यांच्या कंबरेवर यायचं. हृदयाच्या भिंती म्हणजे असे गडी. विजेचा निरोप आला की सगळ्यांनी एकदम आकसायचं. काहींत तो निरोप एका बाजूला वेळेवर पोचतो, दुसऱ्या बाजूला उशिरा. बाकीच्या भिंतींचं काम उरकतं तेव्हा ही आकसायला लागते. अर्धी ताकद आपसातच जाते.

त्यावर मशीन आहे. पेसमेकरचीच जात, पण ह्याची एक तार हृदयाच्या डाव्या अंगाला मागं नेतात. ती तार म्हणजे उशिरा उचलणाऱ्या गड्याच्या कानाशी उभा केलेला मुकादम. पण तार नेमकी कुठं ठेवायची? बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या जागी ठेवतात. आमचे हृदयाचे डॉक्टर आधी आमच्याकडं पाठवायचे. आमचा कॅमेरा ठोक्याठोक्याला चित्र घेतो, आणि कॉम्प्युटर दाखवतो की सगळ्यात शेवटी कुठली भिंत हलते आणि ती जिवंत आहे का मेलेली. मेलेली भिंतही हलते, शेजारणीच्या ओढीनं. उशिरा हलणारी पण जिवंत भिंत सापडली तर तार तिथं. मेलेल्या ठिकाणी तार लावली, तर मेलेल्या गड्याच्या कानात आरोळी ठोकण्यासारखं. मुकादमाचा घसा बसेल, रूळ जागचा हलणार नाही.

माझं काम ह्या दम लागणाऱ्या माणसांना उताणं झोपवायचं. हात डोक्यावर, आणि कॅमेरा फिरेस्तोवर हलायचं नाही. जो माणूस महिनोन् महिने बसून झोपतोय त्याला हे सांगायचं! मॅडम औषध द्यायच्या, कॉम्प्युटर बघायच्या, पण झोपवायचं म्हटलं की, "मामा, बघा की." मी आधी चार उशांवर टेकवायचो. मग बोलत बोलत एकेक उशी काढायचो. ज्याचं उत्तर लांबलचक असेल असा प्रश्न विचारायचा. घरी कसं जायचं, गाडी कुठं बदलायची, जावयाचं गाव कुठलं. माणूस जावयाला शिव्या द्यायच्या नादात आडवा व्हायचा. ही माझी विद्या. कुठल्या पुस्तकात नाही, आणि मी गेल्यावर कुणी करतं का नाही ठाऊक नाही.

यल्लय्या नावाचे चादरीच्या कारखान्यातले एक म्हातारे होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, चिडले की दोन्ही. पार्किंगपासून दारापर्यंत त्यांना खुर्चीवर आणलं होतं. झोपवताना मला म्हणाले, "अन्ना, मी मेलो तर ह्या पोरांला सांगा, घरचा माग इकू नका म्हणून." त्यांची बाजूची भिंत उशिरा हलत होती आणि चांगली उजळ होती. डॉक्टरांनी तार बरोबर तिथं नेली. नंतर एके दिवशी गेटवर आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर गेलो. स्कूटर कुठं लावायची ह्यावरून यल्लय्या वॉचमनशी भांडत होते, कमरेवर हात ठेवून, एका दमात. वॉचमन मला म्हणाला, "मामा, ह्या म्हाताऱ्याला आवरा." मी म्हटलं, "भांडू दे. लई दिवसांनी भांडतोय." तसा आनंद मला त्या नोकरीत फार वेळा झाला नाही. बाकीचे बरेचजण परत दिसलेच नाहीत.

अजून एक गोष्ट सांगायची, मग घरचं. आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. महादेवीच्या माहेरी, मैंदर्गीकडं, त्या डबीला करडिगी म्हणतात. जन्मभर ती अंगावेगळी करायची नाही. जुनी माणसं तर आंघोळीलाही काढत नाहीत. आणि कॅमेऱ्याला धातू चालत नाही. चांदीच्या मागचं किरण त्याला दिसत नाही, तिथं काळं दिसतं. म्हणजे मांस जिवंत असूनही मेलेलं दिसणार. बांगड्या, मंगळसूत्र लोक काढून देतात. करडिगी काढा म्हटलं की अक्कलकोटकडची म्हातारी माणसं उठून बसायची. "जीव गेला तरी चालंल, लिंग काढनार न्हाय." त्यांचा जीव वाचवायलाच तर बोलावलं होतं. पण मी कुणाला काय सांगणार, माझ्याच गळ्यात डबी.

मग एक मार्ग काढला. पूजेला आपण लिंग डाव्या तळहातावर घेतोच. हात डोक्यावर न्यायचेच आहेत, तर दोरा गळ्यातच ठेवून डबी डाव्या तळहातावर घ्यायची. हात वर गेला की डबी कॅमेऱ्याच्या वाटेतनं बाजूला. दोरा आखूड असला तर त्याला दुसरा जोडायचा. धर्मही राहिला, फोटोही नीट आला. मॅडम नव्या लोकांना तसंच शिकवायच्या.

महादेवी विड्या वळायची. लग्न झाल्यापासनं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं. बोटं अशी चालायची, की बोलताना ती हाताकडं बघायचीसुद्धा नाही. आमच्या गल्लीत ओट्यावर तीन-चार जणी बसायच्या, त्यात शेजारची सुगलाबाई सगळ्यात तोंडाळ. महादेवीचा हात मंदावला तेव्हा पहिल्यांदा तिनंच टोमणा मारला. "महादेवी आता सावकारीण झाली. बसून ऱ्हाती, इड्या आमी वळायच्या." महादेवी हसली, पण घरात येऊन भिंतीला टेकून बसली. दम लागायचा. सगळे म्हणाले तंबाखूच्या धुरळ्यानं झालंय, दमा असेल. दम्याच्या गोळ्या घेऊन झाल्या. पाय सुजले तेव्हा मी तिला आमच्याच डॉक्टरांकडं नेलं. हृदय फुगलेलं निघालं, निरोपही उशिरा पोचत होता. डॉक्टर म्हणाले, "मामा, मशीनचा उपयोग होऊ शकतो. आधी तुमच्याकडंच स्कॅन करू."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांसमोर यल्लय्या भांडत होते.

स्कॅनच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मामा, आज तुम्ही नातेवाईक. बाहेर बसा, नाहीतर तुमचाच जीव वरखाली व्हायचा." त्या प्रेमानं म्हणाल्या. मी बाकावर बसलो. नेहमी मी आतून दार लावायचो, त्या दिवशी दार माझ्या तोंडावर बंद झालं. पेशंटची माणसं त्या बाकावर बसून काय करतात, ते पहिल्यांदा कळलं. काही करत नाहीत. दाराकडं बघतात.

चित्र वाईट आलं. बाजूची आणि मागची भिंत काळी. आणि सगळ्यात उशिरा हलणारी तीच.

मी तिला घेऊन घरी आलो. महादेवीला विचारलं, "टेबलावर करडिगी कुटं व्हती?"

"कुटं म्हंजी? गळ्यात."

"आगं, हातात दिली न्हवती व्हय?"

"त्या तुमच्या मॅडमनं हातावर ठेवली व्हती की. ती तिकडं गेली आन मी खाली वढून घेतली. हात वर आन देव डोक्याच्या मागं, कसंतरीच वाटतंय. अंगाला लागलेला बरा न्हाय का?"

"मग कुटं गेली?"

तिनं डाव्या काखेखाली हात ठेवून दाखवलं. बरोबर तिथं. बाजूच्या भिंतीवर.

मी उठून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी ते चित्र परत पडद्यावर आणलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "असू शकतं मामा. एवढं सगळं त्यामुळं होईल का, सांगता येत नाही. पण परत करून बघू. नवी पेटी येऊ दे." त्या आठवड्याची म्हैस आटली होती.

ते मधले दिवस मला अजून आठवतात. मी घरात भांडी घासली. बिनमिठाची आमटी तिच्याबरोबर मीही खाल्ली आणि चांगली झालीय म्हणालो. ती म्हणाली, "तुमाला काय झालंय? बिनमिठाचं खाऊन हसताय?" मी तिला काही सांगितलं नाही. मनात म्हणत होतो, चांदीची सावली आहे ती. बाकी काही नाही. एवढी वर्षं ज्या देवाला गळ्यात बांधून फिरलो त्यानं एवढी सावली बाजूला करावी.

दुसऱ्या वेळी मी मॅडमना म्हटलं, झोपवायचं मीच. त्या हो म्हणाल्या. महादेवीला चार उशांवर टेकवलं. करडिगी तळहातावर दिली, मूठ मिटवली, वर माझा हात धरला. म्हटलं, "आता ओढायची न्हाय." मग एक उशी काढली. विचारलं, "तुज्या बहिणीच्या घरी मैंदर्गीला जायचं म्हंजी आधी कुटं उतरायचं?"

"अक्कलकोटला. तुमाला ठाऊक न्हाय व्हय?"

"मग फुडं?"

"फुडं..." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी सगळ्या लोकांसंगं हितं असं ग्वाड बोलता व्हय? घरात तर कदी न्हाय बोललात."

मॅडम हसल्या. मी शेवटची उशी काढली. ती आडवी झाली. श्वास कोंडत होता, ओठ निळसर पडले, पण हलली नाही. कॅमेरा फिरत होता. मधेच बारीक आवाजात कानडीत म्हणाली, "साकु." पुरे. मी म्हटलं, झालंच. झालं नव्हतं. मी पेशंटला नेहमी तसंच सांगायचो.

मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. एरवी त्या तसं करत नाहीत. काठाला थोडा उजेड आला होता. करडिगीची सावली तेवढीच होती. मधलं सगळं काळं.

डॉक्टरांनी विचारलं, कधी छातीत दुखलं होतं का. मी नाही म्हणालो. घरी आल्यावर आठवलं, एका गणपतीत तिला दिवसभर पित्त झालं होतं. सोडा पिऊन पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेऊन बसली. तेव्हाच केव्हातरी ती भिंत गेली असणार. तिच्याही ध्यानात आलं नाही, आमच्याही.

डॉक्टर म्हणाले, "मामा, तुमच्याशी काय लपवायचं? तार त्या जागी नेऊन उपयोग नाही. दुसरीकडं लावून बघता येईल, पण गुण यायची आशा फार थोडी, आणि त्यांच्या अंगात आता ताकद नाही. मी माझ्या आईला लावलं नसतं. औषधांवर ठेवू."

आमचा मुलगा शिवानंद पुण्यात कंपनीत आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "अप्पा, तुमी अव्वाला कायबी सांगू नगा. ती खचंल. मी पुण्याला घिऊन येतो, हितले डॉक्टर बसवत्याल मशीन."

"शिवा, बसवणारा मिळंल रे. पण बसवून कुणाला ऐकू जायचं? तितं कोण जितं न्हाय."

"तुमी काय डॉक्टर हाय का?"

"न्हाय."

"मग गप बसा की."

सून पण म्हणाली, सांगू नका. माझी बहीण पण तेच म्हणाली. आमच्या लोकांत हीच रीत. सगळ्या घराला ठाऊक, फक्त ज्याचं दुखणं त्याला ठाऊक नाही. हॉस्पिटलात मी हे जन्मभर बघत आलो. बाहेर बाकावर पोरं रडायची आणि आत येऊन बापाला म्हणायची, काय नाही, गॅस आहे. बाप त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. मग मला विचारायचा, "मामा, काय दिसलं?" आणि मी म्हणायचो, "डॉक्टर सांगतील." नोकरीचा नियमच होता तो, मदतनिसानं बोलायचं नाही. मी एकदाही बोललो नाही.

दोन दिवसांनी सकाळी महादेवी दारात ओट्यावर बसली होती. सूप मांडीवर. एक विडी अर्धी वळून तशीच हातात. मी चहा घेऊन गेलो. तिनं विचारलं, "काय दिसलं?"

तोंडातनं आपोआप गेलं, "डॉक्टर सांगतील."

ती एकदम चिडली. "मी काय तुमची पेशंट हाय व्हय?"

मी शेजारी बसलो. कप खाली ठेवला. सगळं सांगितलं. बाजूची आणि मागची भिंत मेलीय, त्या पित्ताच्या दिवशी गेली असंल. मशीन बसवून उपयोग नाही. आहे ते किती दिवस चालंल ठाऊक नाही. रूळ उचलायला निम्मेच गडी आहेत, असं म्हणालो. मला दुसरं बोलता येत नाही.

ती बराच वेळ सुपातली तंबाखू बोटानं सारखी करत राहिली. मला वाटलं आता रडंल. मग म्हणाली, "म्हंजी मी आळशी न्हाय झाले."

"काय?"

"मला वाटत व्हतं, माजंच मन कामातनं उठलंय. बोटं चालंनात, बसलं की उठू वाटंना. लोकं म्हणतात तसंच आसंल. राती पडून म्हणायची, देवा, आशी कशी झाले मी." तिनं डोळे पुसले आणि गल्लीच्या पलीकडं हाक मारली, "ये सुगला! हिकडं ये."

सुगलाबाई सूप खाली ठेवून आली. महादेवी म्हणाली, "निम्मं काळीज मेलंय माजं. कवाच मेलंय. फोटो हाय. दाव गं म्हणलीस तर दावीन."

सुगलाबाई माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. ती खाली बसली आणि महादेवीच्या सुपातली पानं कापायला लागली.

शिवाला तिनंच फोनवर सांगितलं. "मेलेल्या भिंतीत खिळा मारून काय करतोस रं? पुण्याला न्हाय येनार मी. तूच ये, पोरांला घिऊन." तो आला, माझ्याशी बोलला नाही. तिच्याजवळ बसला, पाय दाबले आणि गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "तुमी तिचा धीर घालवलात." त्याची आई होती.

त्यानंतर ती उन्हाळाभर होती. फोटो तिनं उशाखाली ठेवला होता. पापड लाटायला आलेल्या बायकांना दाखवायची, वळलेल्या विड्या जमा करायच्या त्या ब्रँचमधल्या चेकरलाही दाखवला. हाच पूर्वी रोज तिच्या विड्या ढिल्या म्हणून काढून टाकायचा. "हे बग बाबा, काळं हाय ते समदं गेलेलं." तो बिचारा वरमला. मला बघवायचं नाही. ती मात्र ताठ मानेनं दाखवायची, जसं काही शाळेचा दाखला. शेवटी शेवटी पाण्याचा घोटसुद्धा मोजून द्यावा लागायचा. भिंतीला टेकूनच झोपायची. एके दिवशी दुपारच्याला, मी तोंड पुसायला ओला पंचा घेऊन आलो, तेव्हा गेलेली होती.

आमच्यात बसवून पुरतात. मठाच्या स्वामींनी करायचं ते केलं. मी माती टाकली, शिवानं टाकली. परत येऊन सगळे ओट्यावर बसले होते. शिवा कुणाला तरी सांगत होता, माझं नाव न घेता, मी ऐकावं म्हणून. "मशीन बसवलं असतं तर चार वर्षं तरी..."

मी मान खाली घालून बसलो. मला त्याला पडदा वळवून दाखवता आला असता तर दाखवला असता.

सुगलाबाई दारात उभी होती. पदर तोंडाला लावलेला. ती शिवाला म्हणाली, "आरं गप. कसलं मशीन घिऊन बसलास? निम्म्या काळजावर तुज्या आईनं संसार वडला, तुला शिकिवलं, इड्या वळल्या. आन आमी तिला आळशी म्हणलो."

शिवा रडायला लागला.

मी आत गेलो. हे ऐकायला ती पाहिजे होती.